भेटीचा संच

डॉक्टरीणबाईंना लोक एकच प्रश्न विचारत, आणि तोही नेमका जेवायला बसल्यावर: "दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालता, किळस नाही येत?" त्या म्हणत, नाही येत. आणि खरंच येत नसे. किडलेली दाढ, पू धरलेली हिरडी, वर्षानुवर्षांच्या तंबाखूने काळे पडलेले दात, सगळं त्यांनी नाक न मुरडता पाहिलं होतं. तोंड बिचारं खोटं बोलत नाही. उघडलं की जे आहे ते दिसतं, आणि जे दिसतं त्यावर काहीतरी उपाय असतो. किळस वाटावी अशी माणसं तोंड मिटून गोड हसतात, हे त्यांना साठीच्या उंबरठ्यावर कळलं. त्याआधी कळण्याचं कारणच पडलं नव्हतं.

खाली घर आणि वर दवाखाना. दवाखान्यात एक खुर्ची, तिचा उजवा हात पेशंटांनी घट्ट धरून धरून झिजलेला. बाहेरच्या टेबलाशी त्यांचे यजमान बसत, वेळा द्यायचे, फोन घ्यायचे, रडणाऱ्या पोरांना मासिकातली चित्रं दाखवायचे. आत मात्र पाऊल टाकत नसत. रक्त पाहिलं की त्यांना घेरी यायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोने नुकतीच काढलेली दाढ कौतुकाने दाखवली, तेव्हा हे गृहस्थ भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले होते. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते पाहुण्यांना सांगायचे, "आमचं भरलं. बघा की!" आणि स्वतःच्या पोटावर हात फिरवायचे.

अशा बाईंना देखरेख समितीवर घेतलं, ते काही फार विचार करून नव्हे. सरकारच्या ताब्यात असलेल्या मुलांना बालगृहांतून नीट ठेवलं जातं की नाही, हे बघायला एक स्वतंत्र समिती असावी असा नियम झाला. समितीत एक डॉक्टर हवा, असंही त्यात होतं. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना वेळ नव्हता. फिरत फिरत गोष्ट दातांपर्यंत आली.

"तुला बोलावलं, कारण बाकीचे सगळे नाही म्हणाले," यजमान म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर मी हो म्हणाले," बाई म्हणाल्या.

स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र, ते ऐका. गाडी खात्याची, ड्रायव्हर खात्याचा, चहा-बिस्किटं खात्याची. बालगृहं चालवणारं खातंही तेच. समितीचे अध्यक्ष त्याच खात्यातून मानाने निवृत्त झालेले, आवाज असा मऊ की ऐकताना डुलकी यावी. आणि कुठल्या बालगृहाला कधी भेट द्यायची, ते आठवडाभर आधी कळवायचं. का, तर मुलांची गैरसोय होऊ नये! परीक्षेआधी प्रश्नपत्रिका घरपोच द्यावी, आणि मग सगळे पास झाले म्हणून पेढे वाटावेत, तसला कारभार. बाईंना हे पहिल्या दिवशी खटकलं होतं. पण नवीन माणसाने आल्या आल्या तोंड घालू नये, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. चांगल्या संस्काराने माणसाचं किती नुकसान होतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

बाकीचे सदस्य खोल्या बघत, खिडक्या बघत, अधीक्षकांशी बोलत. बाई मुलांची तोंडं बघत. हातात छोटी बॅटरी आणि आरसा घेऊन त्या बाकावर बसल्या की पोरं समोर रांग लावत आणि सांगायच्या आधीच आ करत. पहिल्या फेरीत त्यांना दिसलं की एकाही बालगृहात दात घासायला धड काही नाही. पोरं बोटाने दात चोळत होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा ब्रश मिळालाच पाहिजे, हा त्यांनी आग्रह धरला आणि अहवालात घालायला लावला. "छान मुद्दा आहे," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले. आणि नवल म्हणजे, पुढच्या फेरीत जिथे जावं तिथे स्टँडमध्ये हिरवे ब्रश ओळीने उभे. त्या दिवशी बाईंनी घरी येऊन यजमानांना दोनदा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बोलण्याने सरकारी पान हललं, याचं त्यांना अप्रूप वाटलं होतं.

मुलींच्या बालगृहात एक लहानखुरी मुलगी होती. बाकीच्या तिला खारूताई म्हणत, कारण ती सतत काहीतरी कुरतडत असे. पेन्सिल, फ्रॉकची कॉलर, बटणं, काही सोडत नव्हती. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा कधीतरी पडल्याने तुटलेला. तिच्या हिरव्या ब्रशच्या मुठीवरही तिने चावा घेऊन ठेवला होता. एक दात सरळ उमटलेला, शेजारचा तिरका.

"ब्रशाने घासायचं असतं गं, तो खायचा नसतो," बाई म्हणाल्या.

पोरगी हसली, पण गालावर हात धरून हसली. बाईंनी हात बाजूला केला. खालच्या दाढेच्या मुळाशी हिरडी फुगलेली, आत पू. अशी दाढ तशीच ठेवायची नसते. ती सूज जबड्याखालून गळ्यात उतरली तर मूल गुदमरतं. बाईंनी अधीक्षिकेला बाजूला घेऊन हे शब्द न् शब्द समजावलं आणि उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

"उद्याच नेते मॅडम, लेकीसारखी आहे मला," अधीक्षिका म्हणाल्या आणि गोड हसल्या.

दोन आठवड्यांनी समिती मुलांच्या बालगृहात गेली. फरशी पुसलेली, गाद्यांवर पांढऱ्या चादरी, कोपऱ्यात कॅरम. बाई हात धुवायला मोरीकडे गेल्या, आणि थबकल्या. पोरं ओळीने उभी राहून चूळ भरत होती आणि सगळी मोरी गुलाबी झाली होती. एकाचीच नाही, सगळ्यांचीच थुंकी रक्ताळलेली. शेजारी उभा असलेला काळजीवाहक अभिमानाने म्हणाला, "दातवाल्या बाई येणार म्हणून आज चांगले खसाखसा घासून घेतले."

बाईंनी पहिल्या पोराची हिरडी पाहिली, दुसऱ्याची पाहिली. रोज घासणाऱ्याच्या हिरडीतून असं रक्त येत नाही. कित्येक दिवसांत ज्या तोंडाला ब्रश लागला नाही, त्यालाच एका सकाळी खसाखसा घासलं की अशी मोरी होते. त्यांनी स्टँडमधला एक ब्रश उचलला. मग दुसरा. तिसऱ्याच्या मुठीवर त्यांचा अंगठा अडखळला. एक दात सरळ उमटलेला, शेजारचा तिरका.

बाई तो ब्रश हातात धरून उभ्याच राहिल्या. माणसाचा चेहरा त्या विसरत, चावा विसरत नसत.

"हे ब्रश कुठून आले?" त्यांनी विचारलं.

काळजीवाहक त्यांच्याकडे असा पाहू लागला, जणू त्यांनीच त्याची थट्टा केली. "बाई, तुमचाच तर संच! भेटीचा संच. पेटीवर 'समिती' असं लिहिलंय की. चादरी, टॉवेल, कॅरम, ब्रश. भेटीच्या आधी जीप घेऊन येते, तुम्ही गेलात की मोजून परत. एक टॉवेल कमी भरला तर माझी मान धरतात."

"आणि ब्रश? धुता का?"

"धुतो म्हणजे काय! बादलीत. सगळे एकदम."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की समिती आपला पसारा स्वतःच आधी पाठवते, लग्नाचा आचारी आपली भांडी पाठवतो तसा.  इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं, ते त्या गुलाबी मोरीत झालं. बाई वाकल्या आणि ओकल्या. पू धरलेल्या तोंडातला ब्रश या गावभरच्या पोरांच्या रक्ताळलेल्या हिरड्यांवरून फिरला होता, आणि तो फिरवायची युक्ती खात्याला त्यांच्याच 'छान मुद्द्या'तून सुचली होती. आधीच्या संचात ब्रश नव्हते. ते त्यांच्यामुळे आले.

परतताना गाडीत त्यांनी अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांनी खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं, हे बाईंनी टिपलं.

"अहो, निदान त्या दिवसापुरती तरी मुलांना स्वच्छ चादर मिळते ना," ते मऊ आवाजात म्हणाले. "चांगल्या बाजूने पाहावं."

"गाडी थांबवा," बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. त्या रस्त्यातच उतरल्या आणि यजमानांना फोन केला. "अहो, आपली गाडी घेऊन या. आत्ता. का ते विचारू नका."

दोघं मुलींच्या बालगृहाशी पोचले, तेव्हा फाटक बंद होतं. दरवान आतून म्हणाला, "आज तुमची भेट नाही बाई. पत्र आलेलं नाही. पत्राशिवाय उघडलं तर माझी नोकरी जाईल." बोलताना त्याचा डावा गाल त्याने तळव्याने धरला होता. मागच्या भेटीतही तो गाल त्यांना दिसला होता.

"किती दिवस दुखतेय?" बाईंनी गजांतून विचारलं.

"झोप नाही हो, कितीतरी दिवस. गोळ्या खाऊन जीव गेला."

"आ करा."

त्याने गजांना तोंड लावून आ केला. रस्त्यावरचे लोक बघत राहिले. बाईंनी बॅटरी मारली. "वाचेल ही दाढ, एका खेपेत होईल. पण आज बघितली तर. बसून बघावी लागेल, आणि खुर्ची आत आहे."

दरवानाने मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि कडी काढली. "मी तुम्हाला दाढेसाठी आत घेतलंय," तो बजावून म्हणाला, "भेटीसाठी नाही."

आत बिनभेटीचा दिवस चालू होता. चादरी नव्हत्या. गाद्यांवर पिवळे नकाशे, वर्षानुवर्षांचे. नवा संडास म्हणून समितीला कौतुकाने दाखवला होता, त्याला कुलूप, आणि पोरी मागच्या बाजूला जिथे जात होत्या तिथला वास सांगण्यासारखा नाही. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे ठाऊक असतं सगळ्यांना. पण दाखवायचे दात गावभर भाड्याने फिरवतात, हे बाईंनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाशी एक खोली. दार उघडण्याआधीच बाईंच्या नाकाला कळलं. तो वास त्यांच्या धंद्यातला होता.

खारूताई नुसत्या गादीवर पडली होती. गाल फुगून डोळा अर्धा मिटलेला, जबड्याखाली सूज, अंगात ताप. बाईंना पाहून तिने सवयीने आ करायचा प्रयत्न केला. तोंड बोटभरही उघडेना.

अधीक्षिका धावत आल्या. आज हसू नव्हतं. "मॅडम, तुम्ही अशा कशा आलात?"

"हिला दवाखान्यात का नेलं नाही?"

"नेणारच होते हो. पण गाडी कुठे होती? एकच तर जीप. ती दोन आठवडे संच पोचवत फिरतेय. तुमच्याच भेटी चालू आहेत ना."

 मुलीला दवाखान्यात नेणारी गाडी तिचाच ब्रश घेऊन दुसऱ्या पोरांकडे गेली होती, आणि कशासाठी, तर मुलांची नीट काळजी घेतली जाते हे बाईंना दिसावं म्हणून! कुंपणाने शेत खाल्लं तर निदान कुंपणाचं पोट भरतं. इथे कुणाचं काय भरत होतं, देव जाणे.

"मी नेते," त्या म्हणाल्या.

"तसं नाही नेता येणार! मुलगी सरकारच्या ताब्यात आहे. वरून परवानगी लागते. उद्या काही झालं तर मी ताबा सोडला असं होईल."

"सोडू नका ना. तुम्हीही चला. ताबा मांडीवर घेऊन बसा."

यजमानांची गाडी फाटकाशी उभी होती. अधीक्षिका मागे बसल्या, पोरीचं डोकं मांडीवर, नाकाला रुमाल. बाई शेजारी. अर्ध्या वाटेत एका खड्ड्यात गाडी आदळली आणि ते गळू आतल्या आत फुटलं. पोरीच्या तोंडातून पू आणि रक्त वाहायला लागलं आणि अधीक्षिकेच्या इस्त्रीच्या कपड्यांवर पसरलं. गाडीत असा वास भरला की बाहेरून जाणाऱ्यानेही तोंड फिरवावं.

"काच खाली करा हो!" अधीक्षिका किंचाळल्या.

यजमानांचा चेहरा पांढरा पडलेला बाईंना आरशात दिसत होता. ज्याला एक दाढ बघून घेरी येते असा माणूस. पण त्यांनी काच खाली केली नाही. "वारा लागेल पोरीला," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी थेट मोठ्या दवाखान्याच्या दारात नेली. मग उतरून फुटपाथवर बसले.

डॉक्टरांनी दाढ काढली, शेजारचीही काढावी लागली, जबड्याखाली छेद देऊन उरलेला पू काढला. सूज गळ्याच्या तोंडाशी आली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर श्वास बंद झाला असता, असं त्यांनी अधीक्षिकेला सांगितलं. अधीक्षिका नळाखाली कपडे धूत होत्या.

पुढच्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. लांब टेबल, कपबशा, बिस्किटांच्या बश्या, आणि खात्याचे सचिव स्वतः हजर. अध्यक्षांनी घसा साफ केला. सन्माननीय सदस्यांच्या भावना समजू शकतो, ते म्हणाले. मात्र ती भेट पूर्वसूचनेशिवाय झाली असल्याने नियमबाह्य ठरते. तेव्हा त्या भेटीत दिसलेल्या गोष्टी अहवालात घेता येणार नाहीत.

"म्हणजे सांगून गेलं की दिसत नाही, आणि न सांगता दिसलं तर धरायचं नाही," बाई म्हणाल्या.

"तसं नाही. प्रक्रिया आहे."

बाईंनी पर्स उघडली, रुमाल काढला आणि त्यातला हिरवा ब्रश सचिवांच्या कपाशेजारी ठेवला.

"साहेब, दात घासा."

"काय?"

"घासा ना. धुतलेला आहे. बादलीत, सगळ्यांबरोबर. प्रत्येकाला ब्रश असावा हे मानक आहे, आणि ते पूर्ण झालंय असं तुम्हीच लिहिलंय. मुलांना चालतो. तुम्हाला का नको?"

सचिवांनी कप उचलून लांब ठेवला. दुसऱ्या बाजूच्या सदस्यांनी बिस्किटाची बशी आपल्याकडे ओढली. त्या मुठीवरच्या दातांच्या खुणांकडे सगळे बघत होते आणि एकाचाही हात तिकडे जात नव्हता.

"बाई, हे किळसवाणं आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदा चिरकला.

"हो ना? मग तेवढं एक वाक्य लिहा. बाकी सगळा अहवाल फाडून टाका."

ते वाक्य लिहिलं गेलं नाही. पण बैठकीत ठराव मात्र झाला, आणि एकमताने झाला: एकच संच सगळीकडे फिरवणं आरोग्याला धोक्याचं असल्याने, यापुढे प्रत्येक बालगृहाला स्वतःचा वेगळा भेटीचा संच द्यावा आणि तो कुलपात ठेवावा. सचिवांनी समितीच्या दक्षतेचं कौतुक केलं. आणि डॉक्टरीणबाईंची मुदत संपत आली आहे, ती वाढवण्याची गरज नाही, असंही ठरलं. बाईंनी तो ठराव दोनदा वाचायला लावला, कारण पहिल्यांदा त्यांचा कानांवर विश्वास बसला नाही.

यजमान खाली गाडीत थांबले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पोरीला उद्या परत तिथेच नेणार?"

"तिथेच. ताबा त्यांचाच."

"आणि तू? समितीत नाहीस, आता फाटकातून आत कोण सोडणार तुला?"

"दरवानाची दाढ आहे ना."

"ती एका खेपेत होईल म्हणाली होतीस."

"आता नाही होणार," बाई म्हणाल्या. "फार अवघड दाढ आहे. तिला वर्षभर तरी लागेल. मग त्याची दुसरी बघू."

वाटेत त्यांनी दुकानातून एक ब्रश घेतला, लाल. दवाखान्यात खारूताई उशीला टेकून बसली होती, जबड्याखाली पट्टी, डोळा पुरता उघडलेला. बाईंनी तिला जखम सांभाळून, फक्त पुढचे दात हळूच कसे घासायचे ते दाखवलं. तिने घासले. चूळ भरली. मग ब्रश नळाखाली नीट धुतला, झटकला, फ्रॉकला पुसून कोरडा केला आणि बाईंच्या पुढे धरला.

"घ्या."

"अगं, तुझा आहे तो."

"परत द्यायचा असतो ना," ती म्हणाली. तोंड दुखत असल्याने शब्द हळू येत होते. "तुम्ही गेल्यावर मोजतात. एक कमी आला की सगळ्यांना उभं करतात."

 पू, रक्त, त्या गाद्या, ती मोरी, सगळं बाईंनी पाहिलं होतं. पण इतक्या व्यवस्थित पुसून पुढे केलेला तो ब्रश त्यांना बघवेना. त्यांनी तो घेतला नाही. तिच्याच मुठीत परत मिटवला.

"चाव त्याला," त्या म्हणाल्या.

पोरगी बघतच राहिली. "तुम्हीच म्हणालात, खायचा नसतो."

"आज खायचा. इथे, मुठीवर. पुढच्या दातांनी. जोरात."

खारूताईने बाईंकडे बघत बघत ब्रश तोंडाशी नेला आणि चावला. बाईंनी बॅटरी काढून खूण बघितली. एक दात सरळ, शेजारचा तिरका.

"आता तो कुणीही नेऊ दे, मी शोधून आणीन," त्या म्हणाल्या. "मंगळवारी येते. दरवानाची दाढ बघायची आहे."